गोळ्यांचा हिशेब जुळला, व्हायरल लोड जुळला नाही : जन्मतः एचआयव्ही असलेल्या किशोरवयीन मुलीचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका खऱ्या मुलीचं नाही. जन्मापासून एचआयव्ही घेऊन वाढणाऱ्या मुलांच्या उपचारात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका मुलीभोवती गुंफून ते रचलं आहे आणि तिचे आकडेही त्याच हेतूने घेतले आहेत. औषधांच्या मात्रा, तपासण्यांच्या सीमारेषा आणि जीवनमानाचे गुण काढायची रीत मात्र प्रत्यक्ष वापरात आहे तीच आहे.

पार्श्वभूमी

मुलगी १४ वर्षांची. ती पाच वर्षांची असताना आई वारली, तेव्हापासून आजीच सांभाळते. तिसऱ्या वर्षी न्यूमोनिया वारंवार होऊ लागला म्हणून तपासणी झाली, एचआयव्हीचं निदान झालं आणि लगेच एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, सुरू झाली. आधी नेव्हिरापिनवर आधारलेले उपचार होते, मग एफाव्हिरेन्झ. दीड वर्षापूर्वी वजन ३० किलोच्या पुढे गेल्यावर तिला टीएलडी मिळू लागली : टेनोफोव्हिर ३०० मि.ग्रॅ., लॅमिव्ह्युडिन ३०० मि.ग्रॅ. आणि डोलुटेग्रॅव्हिर ५० मि.ग्रॅ., तिन्ही मिळून दिवसाला एक गोळी. सध्या वजन ३४ किलो, उंची १४२ सें.मी. म्हणजे वयाच्या मानाने खुजी. उपचार उशिरा सुरू झालेल्या मुलांत हे नेहमी दिसतं आणि हुकलेली उंची पुढे पूर्ण भरून निघत नाही.

सलग पाच वर्षं तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, ५०च्या खाली होता. फाइलवर प्रत्येक भेटीला एकच शेरा : "तब्येत ठीक, औषध चालू." या वर्षीच्या नेहमीच्या तपासणीत आकडा आला ४,८००, म्हणजे दर मि.ली.मागे विषाणूच्या तेवढ्या प्रती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लोड १,००० च्या वर गेला की औषध नियमित घेण्याविषयी सखोल समुपदेशन करायचं आणि तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. डोलुटेग्रॅव्हिर चालू असताना पहिल्याच आकड्यावर औषध बदलायचं नाही. या औषधाला प्रतिरोध सहजी तयार होत नाही, त्यामुळे लोड चढण्याचं कारण बहुतेक वेळा औषध पोटात न जाणं किंवा गेलेलं शोषलं न जाणं हेच निघतं. या प्रकरणात दोन्ही निघाली.

पहिली भेट कुठे चुकली

पहिल्या समुपदेशनाची नोंद दोन ओळींची आहे : "गोळ्या विसरते. मोबाइलवर गजर लावण्यास सांगितले." प्रश्न आजीसमोर विचारला गेला आणि तोही असा : "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" या प्रश्नाला "हो" याखेरीज दुसरं उत्तर संभवत नाही.

त्याच दिवशी गोळ्या मोजल्या गेल्या. मागच्या वेळी ९० दिल्या होत्या, आज ८४वा दिवस, बाटलीत ६ उरल्या. दिलेल्यांतून उरलेल्या वजा करून अपेक्षित संख्येने भागलं की (९० − ६) ÷ ८४, म्हणजे १०० टक्के. ९५च्या वर असलं की समाधान मानतात, म्हणून मोजणाऱ्याने बरोबरची खूण करून बाटली परत दिली.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. बाटलीत किती उरल्या हे मोजता येतं, पोटात किती गेल्या हे मोजता येत नाही. शिवाय एखाददुसरी गोळी चुकल्याने लोड ५०च्या खालून ४,८००वर जात नाही. डोलुटेग्रॅव्हिरचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे १४ तास आहे, एका दिवसाची चूक ते बरीचशी झाकून नेतं. लोड इतका वर येतो तो अनेक दिवसांचे खंड पुन्हा पुन्हा पडल्यावर. १०० टक्के हिशेब आणि ४,८०० लोड एकाच कागदावर दिसले की विसरभोळेपणाचा विचार सोडून द्यावा. विसरणाऱ्या मुलाच्या बाटलीत गोळ्या जास्त उरतात. नेमक्या तेवढ्याच उरतात तेव्हा कुणीतरी हिशेब सांभाळत असतं.

जीवनमानाची प्रश्नावली : दोन कागद, दोन मुली

दुसऱ्या भेटीत पेड्सक्यूएल ४.० ही प्रश्नावली वापरली. मुलांचं आरोग्याशी निगडित जीवनमान मोजायला ती जगभर वापरतात. १३ ते १८ वयासाठीच्या नमुन्यात २३ प्रश्न आहेत : शारीरिक ८, भावनिक ५, सामाजिक ५, शालेय ५. गेल्या महिन्यात अमुक गोष्टीचा त्रास किती झाला, असं विचारतात. "कधीच नाही" याला १००, मग ७५, ५०, २५ आणि "जवळजवळ नेहमी" याला ०. प्रत्येक भागाची सरासरी काढायची. एखाद्या भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न कोरे असतील तर त्या भागाचे गुण काढायचे नाहीत.

मुलाचा आणि पालकाचा नमुना वेगळा असतो. दोघांनी तो वेगवेगळ्या खोल्यांत भरायचा. ही अट गैरसोयीची वाटते म्हणून बरेचदा मोडली जाते आणि मग दोन्ही कागदांवर सारखीच उत्तरं येतात.

इथे अट पाळली गेली. निकाल असे :

शारीरिक : मुलगी ८१, आजी ८८
भावनिक : मुलगी ३५, आजी ८०
सामाजिक : मुलगी ६०, आजी ८५
शालेय : मुलगी ४५, आजी ६०
एकूण : मुलगी ५९, आजी ७९

या प्रश्नावलीत मुलाच्या एकूण गुणांतला साधारण साडेचार गुणांचा फरकही दखल घेण्याजोगा मानतात. इथे भावनिक भागात दोघींच्या उत्तरांत ४५ गुणांचं अंतर आहे. म्हणून आजी खोटं बोलत होत्या असं होत नाही. पालकांना धाप, ताप, लंगडणं दिसतं; भीती आणि झोपेतली तगमग मूल दाखवेल तेवढीच दिसते. शारीरिक भागात दोघी जवळजवळ एकमतावर आहेत ते याचमुळे.

एकूण गुणांपेक्षा सुटे प्रश्न जास्त बोलतात. भावनिक भागात "भीती वाटते", "झोप लागत नाही" आणि "माझं काय होईल याची काळजी वाटते" या तिन्हींना २५. शालेय भागात "वर्गात लक्ष लागत नाही" आणि "अभ्यासात मागे पडते" यांना २५, पण "आजारपणामुळे शाळा बुडते" याला ७५. म्हणजे ती शाळेत जाते आणि तिथे बसून तिला काही मिळत नाही. हे धागे पुढे वेगवेगळे सुटले.

भावनिक गुण इतके खाली असताना नैराश्याची चाचणी टाळता येत नाही. किशोरवयीनांसाठीच्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी १३ गुण आले. १० ते १४ म्हणजे मध्यम. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "नाही" असं लिहिलेलं असलं तरी तो तोंडी, एकट्यात, सरळ शब्दांत पुन्हा विचारला गेला. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे.

एकटीशी बोलणं

आजींना आदराने बाहेर बसवलं : "या वयाच्या सगळ्याच मुलांशी थोडा वेळ वेगळं बोलतो आम्ही, मग तुम्हाला आत बोलावतो." सगळ्यांसाठी एकच नियम आहे म्हटलं की कुणाला अपमान वाटत नाही.

प्रश्नही बदलला : "रोज गोळी घ्यायची म्हणजे कंटाळा येतोच, बहुतेकांची राहते. गेल्या सात दिवसांत तुझी किती वेळा राहिली?" थोड्या वेळाने उत्तर आलं : "चार." ती आजीसमोर गोळी तोंडात टाकायची, गालात धरायची आणि चूळ भरायच्या निमित्ताने थुंकून द्यायची. चार महिन्यांपासून. बाटलीचा हिशेब का जुळत होता ते कळलं.

चारच महिने का, याचं उत्तर औषधांच्या यादीत होतं. लहानपणापासून आजीने तिला सांगितलं होतं, "तुझं रक्त कमी आहे, त्याच्या या गोळ्या." साडेचार महिन्यांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन १०.४ आलं आणि लोहाची गोळी सुरू झाली. देताना कुणीतरी सहज म्हणालं, "ही रक्तवाढीची." मुलीच्या मनात साधा प्रश्न आला : रक्ताची गोळी ही असेल तर रोजची ती कशाची? तिने बाटलीवरचं नाव मोबाइलवर टाकलं. पुढचं तिने एकटीने वाचलं आणि जे वाचलं त्यात जुना, मरणाच्या भीतीने भरलेला मजकूर बराच होता.

तिने आजीला विचारलं नाही, कारण "ती रडेल". आजीने तिला सांगितलं नव्हतं, कारण "पोरगी खचेल". एकमेकींना जपण्यात दोघी एकेकट्या पडल्या होत्या. आजाराचं नाव मुलापासून लपवलेल्या घरांत हे चित्र इतक्या वेळा दिसतं की गोळ्या अचानक बुडू लागल्या तर "याला काय ठाऊक आहे?" हा प्रश्न गजराच्या आधी विचारायला हवा.

लोहाची गोळी : दुसरं कारण

ज्या गोळीने प्रश्न उभा केला तीच शोषणातही आड येत होती. आजी दोन्ही गोळ्या रात्री नऊला, जेवून बराच वेळ झाल्यावर एकदम द्यायच्या, विसरायला नको म्हणून. डोलुटेग्रॅव्हिर लोह, कॅल्शियम, तसंच ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या आम्लपित्तनाशकांशी आतड्यात बांधलं जातं. उपाशीपोटी लोहाबरोबर घेतलं तर शरीरात जाणारं प्रमाण निम्म्याच्या आसपास घटतं. म्हणजे ज्या रात्री ती गोळी खरोखर गिळायची, त्या रात्रीही औषध अपुरं पडत होतं.

नियम सोपा आहे. डोलुटेग्रॅव्हिर लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावं. भरल्या पोटी, जेवणासोबत घेतलं तर दोन्ही एकत्र चालतात. आम्लपित्तनाशकाला ही सवलत नाही, तिथे अंतर ठेवावंच लागतं. हा नियम औषध देणाऱ्या खिडकीवर सांगितला जात नाही, कारण लोह एक जण लिहून देतो आणि एआरटी दुसरा. एकट्या लोहाने लोड इतका चढला असता असं नाही, पण थुंकलेल्या गोळ्यांच्या जोडीला ते आलं.

झोपेचा धागाही इथेच सुटला. डोलुटेग्रॅव्हिरने काही जणांची झोप उडते. रात्री नऊची वेळ एफाव्हिरेन्झच्या काळातली, त्या औषधाने चक्कर येते म्हणून ठरलेली. औषध बदललं, वेळ तशीच राहिली. आता टीएलडी सकाळी साडेसहाला आणि लोह संध्याकाळच्या जेवणानंतर, असं ठरलं. वेळ बदलताना रात्रीची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन पुढची सकाळीच घ्यायची. एकदाच अंतर कमी पडतं, ते चालतं, लांबवू नये. गोळी चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्यायची, पुढच्या वेळेला ४ तासही उरले नसतील तर सोडायची. दोन एकदम कधीच नाहीत.

नाव सांगणं

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची सूचना आहे की शाळकरी वयाच्या मुलांना त्यांचं निदान सांगावं आणि लहान मुलांना समज वाढेल तसं थोडं थोडं सांगत जावं. म्हणजे साधारण सहाव्या वर्षापासून "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळ्या त्याला झोपवून ठेवतात" इथून सुरुवात आणि बाराव्या वर्षापर्यंत नावासह पूर्ण माहिती. या मुलीच्या बाबतीत ती वाट दोन वर्षांपूर्वीच संपायला हवी होती.

आधी आजींची तयारी झाली, दोन बैठकांत. त्यांना आजारापेक्षा पुढच्या प्रश्नाची भीती जास्त होती : "आईमुळे झालं का, असं विचारलं तर काय सांगू?" त्या वाक्याची तालीमच घेतली. "तुझ्या आईला तेव्हा ठाऊक नव्हतं" हे खरं होतं, म्हणून तेच शब्द ठरले. खरं नसतं तर वेगळे शोधावे लागले असते. सोयीचं खोटं या टप्प्यावर फार महाग पडतं.

प्रत्यक्ष बैठकीत सुरुवात सांगण्याने झाली नाही, विचारण्याने झाली : "या गोळ्या कशासाठी आहेत असं तुला वाटतं?" मुलीने नाव स्वतःच उच्चारलं. आजी रडल्या. मुलगी त्यांना म्हणाली, "तू मला आधी का नाही सांगितलंस?" समुपदेशकाने मध्ये न बोलता जाऊ दिलेली ती मिनिटं हा त्या बैठकीचा सर्वांत उपयोगी भाग होता.

मग तिचे प्रश्न आले, त्यांना आकड्यांसह उत्तरं दिली. मी मरणार का? उपचार नसतील तर जन्मतः संसर्ग झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. तू त्या टप्प्याच्या फार पुढे आली आहेस आणि गोळ्या नियमित घेतल्यास म्हातारी होशील. मला मूल झालं तर? काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली जाते आणि गर्भधारणेच्या आधीपासून लोड दबलेला असेल तर त्याहून पुष्कळ कमी. कुणाला माझ्यापासून होईल का? सोबत खाल्ल्याने, खेळल्याने, मिठी मारल्याने होत नाही; आणि पुढे जोडीदार असेल तेव्हा लोड तपासणीत न दिसण्याइतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधातूनही जात नाही. हे शेवटचं उत्तर "अजून लहान आहे" म्हणून गिळून टाकायची सवय सोडावी. मुलं ते कुठून तरी शोधतात आणि मिळतं ते अर्धवट असतं.

एका आठवड्याने पुन्हा भेट ठेवली. ही भेट वगळणं ही सर्रास होणारी चूक आहे. मूल पहिल्या दिवशी शांत दिसतं, प्रश्न नंतर येतात.

शाळेचा धागा

वर्गात लक्ष लागत नाही म्हटल्यावर दोन तर्क तयारच असतात : मनःस्थिती, नाहीतर विषाणूचा मेंदूवर परिणाम. जन्मतः संसर्ग झालेल्या मुलांत विचारांचा वेग आणि अल्पकालीन स्मृती कमी पडू शकते हे खरं आहे. पण मेंदूच्या महागड्या तपासणीआधी कान पाहावेत. या मुलांना लहानपणी मधल्या कानाचे संसर्ग वारंवार होतात. तिचा उजवा कान अधूनमधून वाहत असे, घरात त्याची सवय झाली होती. पडद्याला भोक निघालं आणि ऐकण्यात ३२ डेसिबलची तूट, म्हणजे सौम्य बहिरेपण. शिक्षक उजवीकडून बोलले की शब्द निसटायचे. पुढच्या रांगेत, डावा कान शिक्षकांकडे येईल अशी जागा मागण्याचं पत्र दिलं. पत्रात फक्त कानाचा उल्लेख. शाळेला त्याहून जास्त काही ठाऊक असायची गरज नाही.

खेळात मागे पडते या तक्रारीसाठी विश्रांतीत आणि चालल्यानंतर रक्तातला ऑक्सिजन मोजला, तो नीट होता. उशिरा उपचार मिळालेल्या किशोरांत फुप्फुसांचा जुनाट आजार आढळतो, म्हणून हे पाहणं चुकवू नये. उंचीवरून होणाऱ्या चिडवण्यावर मात्र दवाखान्याकडे औषध नव्हतं.

सोबतीण

झिंबाब्वेतील झ्वांदिरी या कार्यक्रमात एचआयव्ही असलेले १८ ते २४ वयाचे प्रशिक्षित तरुणच किशोरवयीन मुलांना आधार देतात. तिथल्या चाचणीत अशी साथ मिळालेल्यांत लोड न दबण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ९६ आठवड्यांनी ४२ टक्क्यांनी कमी होतं. त्या धर्तीवर मुलीची गाठ जन्मतःच एचआयव्ही असलेल्या एका २१ वर्षांच्या ताईशी घालून दिली. अशा मुलांचा गट आधी सुचवला होता, पण मुलीने नकार दिला : "तिथे शाळेतलं कुणी निघालं तर?" भीती रास्त होती, म्हणून आग्रह धरला नाही. गोळ्या गालात धरण्याचा उद्योग ताईनेही केला होता, हे कळल्यावर मुलगी पहिल्यांदा हसली. दोन-तीन दिवसांपुरत्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डबीत कापसाच्या बोळ्यासह ठेवल्या की खुळखुळत नाहीत, ही युक्तीही ताईचीच. मूळ बाटली ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंदच ठेवायची.

सहा महिन्यांनी

तीन महिन्यांनी लोड १६०, सहा महिन्यांनी ५०च्या खाली. औषध बदलावं लागलं नाही. हिमोग्लोबिन ११.८. पीएचक्यू-९ वर ६.

पेड्सक्यूएलमध्ये मुलीचे एकूण गुण ५९ वरून ७० झाले. भावनिक ३५चे ६०, शालेय ४५चे ६०, सामाजिक ६०चे फक्त ६५. आजींच्या कागदावरचे गुण मात्र ७९ वरून ७२ वर उतरले. नुसता तोच आकडा पाहणारा म्हणेल की घरात काहीतरी बिघडलं. मुलीच्या शेजारी ठेवून पाहिला तर दोघींमधलं अंतर २० वरून २ वर आलं आहे. जे आधी दिसत नव्हतं ते आजींना आता दिसतं. पालकाचे गुण घसरणं ही सुधारणेची खूण असू शकते हे गृहीत धरलं नाही, तर अशा घरावर नको तो शेरा पडतो.

समोरची कामं : लोडची पुढची तपासणी सहा महिन्यांनी, कानाच्या तज्ज्ञांकडे पडद्याच्या शस्त्रक्रियेविषयी विचारणा, आणि प्रौढांच्या विभागात जाण्याची तयारी आतापासून, म्हणजे औषधांची नावं, स्वतःचा शेवटचा लोड आणि पुढची तारीख तिला तोंडपाठ असणं. कानाच्या डॉक्टरांना सांगावं लागेल का, असं तिने विचारलं. सांगितलंस तर ते औषधं जपून निवडतील, कारण काही औषधांची एआरटीशी गाठ पडते. ते कुणाला सांगू शकत नाहीत. आणि सांगायचं ते तू सांगायचं, आजीने नाही, असं उत्तर मिळालं. तिने तिन्ही औषधांची नावं मिलिग्रॅमसकट कागदावर लिहून घेतली आणि डोलुटेग्रॅव्हिरचं स्पेलिंग दोनदा विचारलं.